शिळेंतील शंखाचें बारसें

देवघरांतील शंख कानाशीं धरला म्हणजे समुद्राची गाज ऐकूं येते, असें मुलांस सांगण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पण समुद्रापासून कित्येक कोस आंत, दगडाच्या खाणींत शंख सांपडला, तर त्यानें कोणत्या समुद्राची वार्ता सांगावी?

फ्रान्सांत पॅरिस शहराच्या आसपास हा प्रश्न दगडांतच लिहून ठेविलेला होता. ज्या पांढुरक्या चुनखडीनें नोत्र दाम हें मंदिर आणि शहरांतील अनेक जुन्या इमारती उभ्या राहिल्या, त्या चुनखडीच्या एका थरांत मळसूत्रासारखे जाडजूड दगड निघत. खाणींतील पाथरवट त्या थरास मळसूत्रांचा थर म्हणत. तीं मळसूत्रें कोणा कारागिरानें घडविलेलीं नव्हतीं. प्रचंड शंखाच्या पोकळींत गाळ भरला, तो कठीण झाला, वरचें कवच विरून गेलें आणि आंतला साचा तेवढा मागें राहिला. व्हर्सायजवळील ग्रिन्यों येथें मात्र भुसभुशीत वाळूंत तेंच कवच नक्षीसह मिळत असे.

या शंखाचें बारसें इ. स. १८०४ मध्यें लामार्क या फ्रेंच पंडितानें केलें. लामार्क १७४४ सालीं जन्मला. तरुणपणीं तो सैन्यांत होता. पुढें वनस्पतिशास्त्राकडे वळून त्यानें त्यांत कीर्ति मिळविली. १७९३ सालीं पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयाची नवी घडी बसली, तेव्हां कीटक व कृमि यांचें अध्यापन त्याच्याकडे आलें. या विषयाला तेव्हां फारशी प्रतिष्ठा नव्हती. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर या गृहस्थानें तो विषय मुळापासून अभ्यासिला. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांस अपृष्ठवंशी या अर्थाचें जें नांव आज जगभर चालतें, तें त्याचेंच.

नव्या जातीचें वर्णन करणें म्हणजे केवळ एक लॅटिन नांव ठेवणें नव्हे. शंख समोर ठेवून त्याची लांबी, त्याचे वेढे, वेढ्यांच्या सांध्यालगत असलेली गांठींची रांग, मुखाचा आकार, मधल्या दांड्यावरील वळी, हें सर्व नोंदावें लागतें. नंतर जवळच्या प्रत्येक ज्ञात जातीशीं ताडून पाहून, हा त्यांपैकीं नाहीं असें दाखवावें लागतें. म्हाताऱ्या शंखाची झीज किंवा पोराचें अपुरें कवच नवी जात म्हणून खपविलें, तर पुढील पिढ्यांना तो घोळ निस्तरीत बसावें लागतें. लामार्कनें या शंखास ‘सेरिथियम गिगँटियम’ म्हटलें. पहिला शब्द कुळाचा, दुसरा जातीचा. आपल्याकडील आडनांव आणि नांव यांचीच ही उलटी मांडणी होय. दुसऱ्या शब्दाचा अर्थ राक्षसी, आणि तो सार्थ आहे. कारण या शंखाची लांबी दीड-दोन फुटांपर्यंत जाते.

परंतु नांव ठेवून प्रश्न मिटला नाहीं. हा प्राणी गेला कोठें? त्याच संग्रहालयांत क्युव्हिए हा लामार्कहून तरुण पंडित होता. हत्तीच्या जातीच्या प्राचीन हाडांवरून त्यानें १७९६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, कांहीं जाति पृथ्वीवरून कायमच्या नष्ट झाल्या आहेत. लामार्कला हें पटेना. मोठे प्राणी मनुष्यानें मारून संपविले असतील. पण समुद्रांतील शंखशिंपल्यांचा असा समूळ नाश कोण करणार? एक तर ते अज्ञात खोल पाण्यांत असतील, नाहीं तर कालगतीनें हळूहळू पालटून आजच्या जातींत रूपांतर पावले असतील, असें त्याचें मत. जाति स्थिर नाहींत, हा त्याचा सिद्धांत शंखांच्या या अभ्यासांत बळावला आणि १८०९ च्या ग्रंथांत सविस्तर मांडला गेला. तत्कालीन विद्वानांनीं त्याकडे बहुतेक पाठच फिरविली.

उतारवयांत लामार्कची दृष्टि गेली. ज्याचें सारें काम डोळ्यांवर चालावयाचें, त्याच्यावर हा प्रसंग! तरीहि अपृष्ठवंशी प्राण्यांवरील त्याचा मोठा ग्रंथ १८२२ सालीं मुलीच्या साहाय्यानें पुरा झाला. १८२९ सालीं तो वारला, तेव्हां त्याला स्वतःची कायमची थडग्याची जागाहि लाभली नाहीं; भाड्याच्या जागेंत त्याचें दफन झालें, आणि पुढें त्याच्या अस्थींचा ठावठिकाणाहि उरला नाहीं. मृत्यूनंतर विद्वत्सभेंत वाचला गेलेला गौरवलेख क्युव्हिएनें लिहिला होता, आणि त्यांत गौरवापेक्षां टोचणीच अधिक होती.

शंखांचीं वर्णनें मात्र मेलीं नाहींत. पॅरिसच्या त्याच शंखांचा अभ्यास देएय यानें पुढें चालविला. प्राचीन थरांतील किती जाति आज जिवंत आहेत हें त्यानें मोजलें, आणि त्या गणतीवर लायेल या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञानें १८३३ सालीं कालखंड पाडले. पहिल्या खंडांत जिवंत जाति शेंकडा जेमतेम ३॥ निघाल्या. आपला राक्षसी शंख याच खंडांतला. त्याचें वय आज ४ ते ५ कोटी वर्षें मानितात.

१८८४ सालीं या शंखास घंटेच्या मनोऱ्यावरून ‘कँपानिले’ हें नवें कुलनाम मिळालें. जातीचें नांव मात्र लामार्कचेंच राहिलें. कुळ बदललें म्हणून शास्त्राच्या नियमाप्रमाणें त्याचें नांव कंसांत लिहितात, एवढेंच. पुढें १९१७ सालीं आयर्डेल यानें ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील या कुळांतल्या एका जिवंत शंखाचें नामकरण केलें. १९८१ सालीं त्याच्या शरीररचनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. एके काळीं अनेक समुद्रांत पसरलेल्या कुळाचा हा एकटाच वंशज. तो राक्षसी शंख मात्र खरोखरच नष्ट झालेला आहे.

मग वादांत जिंकलें कोण? जाति नष्ट होतात हें क्युव्हिएचें म्हणणें खरें ठरलें. जाति पालटतात हें लामार्कचें म्हणणेंहि खरें ठरलें, जरी त्या पालटाचें त्यानें सांगितलेलें कारण टिकलें नाहीं. मतें अशीं कांहीं तरलीं, कांहीं बुडालीं. परंतु शंख समोर ठेवून, जें दिसलें तेंच लिहिलेलें वर्णन दोनशें वर्षांनंतरहि अभ्यासकाच्या उपयोगी पडत आहे. ज्याच्या थडग्यावर नांव उरलें नाहीं, त्याचें नांव त्या शंखानें जतन करून ठेविलें आहे.