बोला, म्हणजे दिवे लागतील

न्यूयॉर्कमध्ये पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या खालून एक जुना बोगदा जातो. एकोणिसाव्या शतकात तो रेल्वेसाठी झाला, पुढे त्यातून ट्राम धावल्या, मग मोटारी आल्या. पायी चालणाऱ्याला तिथे कधी जागाच नव्हती. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मात्र तीन शनिवार वाहनं बंद ठेवून हा बोगदा लोकांसाठी उघडला गेला. आत शिरलेल्यांना दोन्ही भिंतींवरून कमानीसारखे वर चढत गेलेले प्रकाशाचे पट्टे दिसले. एकामागून एक, बोगद्याच्या ४२७ मीटर लांबीभर, आणि प्रत्येक पट्ट्याची लुकलुक वेगळी. जवळ जाऊन कान दिला की कळायचं, इथे प्रत्येक कमानीतून कुणीतरी बोलतंय.

या मांडणशिल्पाचं नाव ‘व्हॉइस टनेल’. कलावंत राफाएल लोझानो-हेमर. जन्म १९६७ चा, मेक्सिको सिटीतला; काम कॅनडातल्या माँट्रियलमधून; शिक्षण भौतिक रसायनशास्त्राचं. प्रेक्षकाचा आवाज, नाडीचे ठोके, हालचाल यांवर चालणारी कामं ते गेली अनेक वर्षं करत आले आहेत. श्रोतेहो, चित्राच्या किंवा गाण्याच्या रसग्रहणाची आपल्याला थोडीफार सवय असते. पण दिवे आणि आवाज यांचं असं काम समोर आलं की बहुतेक जण “वा, छान दिसतंय” म्हणतात, एक फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यात पाहण्यासारखं नेमकं काय असतं, हे याच कलावंताच्या काही कामांच्या आधाराने समजून घेता येईल.

आधी बोगद्यातली व्यवस्था. बोगद्याच्या मधोमध एक इंटरकॉम होता. त्यात कुणीही काहीही बोलावं. बोलणं ध्वनिमुद्रित होई आणि लगेच जवळच्या दिव्यांत उतरे. आवाज चढला की दिवा प्रखर, उतरला की मंद. दुसरा माणूस बोलला की त्याचा आवाज मधली जागा घेई आणि आधीचा एक घर पुढे सरके, बोगद्याच्या दोन्ही तोंडांच्या दिशेने. तिसरा आला की दोघेही आणखी पुढे. एकूण ३०० दिवे आणि १५० ध्वनिक्षेपक असलेल्या त्या बोगद्यात कुठल्याही क्षणी शेवटच्या ७५ माणसांचे आवाज नांदत. त्यांच्याही आधीचा आवाज ढकलला जात जात तोंडाशी पोहोचे आणि बाहेर पडे. मग तो त्या कामात उरत नसे.

म्हणजे मधून बाहेर चालत निघालेला माणूस फक्त अंतर कापत नव्हता. पावलागणिक तो मागच्या काळात जात होता. मध्यावर आत्ताच बोललेला माणूस, थोडं पुढे त्याच्या आधीचा, आणि दाराशी जायच्या बेतात असलेला सगळ्यांत जुना. हे सगळं एका साध्या नियमातून उभं राहिलं होतं: नवा आला की जुन्याने सरकायचं. दिवे भाड्याने मिळतात, ध्वनिक्षेपकही मिळतात. कलावंताने रचलेली गोष्ट हा नियम आहे. अशा कामासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा शोधायचा तो नियम, आणि तो सापडण्यासाठी आधी दुसऱ्यांना बोलू द्यावं, आपण बाजूला उभं राहून पाहावं.

‘लाइट अँड साउंड शो’ आपल्या ओळखीचा आहे. ऐतिहासिक वास्तूवर रंगीत झोत, पार्श्वभूमीला निवेदकाचा भारदस्त आवाज. हा प्रकार सुरू झाला फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यात, १९५२ साली. दिल्लीच्या लाल किल्ल्यातही तो अनेकांनी पाहिला असेल. तिथे प्रेक्षकाने खुर्चीत बसायचं असतं. तो आला नाही तरी खेळ तसाच होतो. व्हॉइस टनेलमध्ये कुणी बोललंच नसतं तर त्या कमानींकडे सांगायला काही राहिलं नसतं.

ही कल्पना अगदी नवीही नाही. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९६८ मध्ये ‘साउंडिंग्ज’ नावाचं भलंमोठं काम केलं, बेल लॅब्जचे अभियंते बिली क्लूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने. पारदर्शक प्लास्टिकच्या तावांचे एकामागे एक थर, त्यांवर खुर्च्यांच्या छापील प्रतिमा, आणि सगळ्यांत पुढचा थर आरशासारखा. खोली शांत असली की प्रेक्षकाला समोर दिसतो तो स्वतःच. तो बोलला, खोकला, हसला की आतले दिवे लागतात आणि आरशामागून खुर्च्या बाहेर येतात. आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळे दिवे जोडलेले, त्यामुळे खर्जातल्या आवाजाला दिसणाऱ्या खुर्च्या निराळ्या आणि बारीक आवाजाला दिसणाऱ्या निराळ्या. संग्रहालयात गप्प राहायचं असतं हा शिष्टाचार या कामाने उलटा केला. हे काम आज जर्मनीत कलोनच्या लुडविग संग्रहालयाकडे आहे.

आता थोडं कारखान्यात शिरू या. आवाजाचा प्रकाश होतो कसा? माणसाचा आवाज म्हणजे हवेची कंपनं, सेकंदाला शंभर-दोनशे किंवा त्याहूनही जास्त. दिव्याने त्यातलं प्रत्येक कंपन दाखवायचं म्हटलं तर डोळ्याला काहीच कळणार नाही. इतक्या वेगाची उघडझाप डोळा सलग उजेड म्हणूनच पाहतो. म्हणून संगणक कंपनं बाजूला ठेवतो आणि आवाजाच्या चढउताराची फक्त बाह्यरेषा घेतो. आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं बोलतो, आणि एवढ्या वेगाची उघडझाप डोळ्याला आरामात दिसते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द दिव्यासमोर म्हटला तर ‘म’ला दिवा जेमतेम जागा होईल, ‘हा’ला उजळेल, ‘रा’वर भरून येईल आणि ‘ष्ट्र’च्या जोडाक्षरात झपकन खाली बसेल. शब्दाचा अर्थ त्या दिव्याला कळत नाही. त्याला कळतो तो ठेका, श्वास, अडखळणं. वक्ता “अं...” करून थांबला तर तेही दिव्यात दिसतं.

यातलं प्रत्येक पाऊल कलावंताला ठरवावं लागतं. किती मोठ्या आवाजाला दिवा लागावा? ही मर्यादा फार खाली ठेवली तर गर्दीच्या गलक्यानेच दिवे भिरभिरत राहतात. फार वर ठेवली तर हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला आणि लाजऱ्या मुलाला दिवा मिळतच नाही. दिव्याला पाठवला जाणारा आकडा दुप्पट केला म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही, तेव्हा तेही गणित डोळ्याच्या कलाने घ्यावं लागतं. आणि उत्तर लगेच यावं लागतं. बोलणं आणि दिवा यांत जाणवण्याइतका उशीर झाला, तर हा दिवा आपल्यामुळे लागला यावर माणसाचा विश्वास बसत नाही.

बोगद्यात याचीच एक वेगळी अडचण होती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मध्यावर एकच मोठा ध्वनिक्षेपक ठेवला असता तर तोंडापर्यंतचे दोनशेहून अधिक मीटर कापायला आवाजाला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला असता. उजेड मात्र तत्क्षणी. शिवाय दगडी भिंतींचा घुमारा वेगळाच. प्रत्येक कमानीशेजारी तिचा स्वतःचा छोटा ध्वनिक्षेपक असल्यामुळे कानाला जे ऐकू आलं तेच डोळ्याला दिसलं, आणि शेजारून चालणाऱ्याला एकेक माणूस वेगळा भेटला.

लोझानो-हेमर यांचं ‘पल्स रूम’ हे काम याहून साधं, आणि गाजलेलं. २००६ मध्ये ते मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात एका जुन्या कापड गिरणीत पहिल्यांदा मांडलं गेलं. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मेक्सिकोच्या दालनात पोहोचलं. छतापासून लोंबणारे शंभरावर साधे पारदर्शक बल्ब. खोलीच्या एका बाजूला धातूच्या दोन मुठी. त्या पकडल्या की नाडीचे ठोके टिपले जातात आणि जवळचा बल्ब त्याच लयीत धडधडू लागतो. हात सोडला की सगळे दिवे क्षणभर विझतात, आणि आपला ठोका रांगेतल्या पुढच्या बल्बवर जाऊन बसतो. बाकीचे सगळे एक घर सरकतात. खोलीत एकाच वेळी शंभर हृदयं, आणि एकाचीही लय दुसऱ्याशी जुळत नाही.

इथे बल्बच्या जातीलाही महत्त्व आहे. तारेचा बल्ब वीज तोडल्याबरोबर काळा होत नाही. तापलेली तार निवायला किंचित वेळ घेते, उजेड पिवळसर, मग तांबूस होत ओसरतो. एलईडी तसाच वापरला तर तो खटकन विझतो. ठोका आणि त्यानंतरची विश्रांती या दोन्ही गोष्टी तारेच्या बल्बला आयत्याच येतात. कामाचं मूळही सांगण्यासारखं आहे. लोझानो-हेमर यांच्या पत्नीला जुळी मुलं होणार होती, तेव्हा त्यांनी दोन बाळांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी ऐकले. दोन वेगवेगळ्या लयी एकमेकींत मिसळत होत्या. दुसरा धागा ‘माकारिओ’ या १९६० च्या मेक्सिकन चित्रपटाचा. त्यात भुकेल्या नायकाला एक गुहा दिसते, आणि त्या गुहेत प्रत्येक जिवंत माणसाच्या नावाची एक मेणबत्ती जळत असते.

आता रेडिओच्या श्रोत्यांना जवळचं वाटेल असं एक काम. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को चौकात निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि मोठी प्राणहानी झाली. त्या घटनेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २००८ मध्ये, त्याच चौकात लोझानो-हेमर यांनी ‘व्होझ आल्ता’ हे स्मारक काही रात्रींपुरतं उभं केलं. चौकात एक कर्णा ठेवलेला. त्यात कुणीही बोलावं, कुणी अडवणार नाही, कुणी तपासणार नाही. बोलणं सुरू झालं की दहा किलोवॉटचा सर्चलाइट त्या आवाजाबरोबर उघडझाप करत शेजारच्या इमारतीच्या माथ्यावर पडे. एकेकाळी परराष्ट्र मंत्रालय असलेल्या त्या इमारतीवरून आणखी तीन झोत तोच संदेश शहराच्या तीन दिशांना नेत. हवा साथ देईल तेव्हा हे झोत पंधरा किलोमीटरवरून दिसत.

पण दूरच्या माणसाला झोत नुसता लुकलुकताना दिसणार. तो काय म्हणतोय हे कसं कळावं? त्यासाठी होता रेडिओ. तिथल्या विद्यापीठाचं केंद्र, रेडिओ उनाम, हे बोलणं थेट प्रसारित करत होतं. कर्ण्यापाशी कुणी नसलं की त्या केंद्रावरून १९६८ च्या साक्षीदारांच्या मुलाखती आणि त्या काळचं संगीत लागे, आणि झोतही त्यांच्याच लयीत चाले. त्या घटनेतून वाचलेले बोलले, कार्यकर्ते बोलले, कुणी कविता म्हटल्या, आणि कुणी चक्क लग्नाची मागणीही घातली. स्मारकावर लग्नाची मागणी हे काहींना खटकेल. पण ज्या चौकात बोलणाऱ्यांना गप्प केलं गेलं, तिथे कुणी काय बोलावं हे कलावंताने ठरवलं नाही, हाच इथला नियम होता आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला.

सर्चलाइट हे काही निष्पाप साधन नाही. तो विमानं पाडण्यासाठी आणि कैदी पकडण्यासाठी वापरला गेला. नाझींच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यांत आल्बर्ट श्पेअर या वास्तुविशारदाने शंभराहून अधिक सर्चलाइट आकाशात सोडून प्रकाशाचं प्रचंड मंदिर उभं केलं होतं. त्याच्या खाली माणूस मुंगीएवढा दिसावा, हाच त्यामागचा बेत. तोच झोत लोझानो-हेमरही वापरतात आणि हा इतिहास ते जाणून आहेत. म्हणून त्यांच्या कामाकडे पाहताना झोत किती मोठा आहे यापेक्षा त्याची कळ कुणाच्या हातात आहे, हे आधी पाहावं लागतं.

२०१९ च्या नोव्हेंबरमधलं ‘बॉर्डर ट्यूनर’ या कसोटीला सर्वांत चोख उतरतं. अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद ह्वारेस ही नदीच्या दोन काठांवरची शहरं, मध्ये सरहद्द. चामिझाल हा तिथला भाग नदीने पात्र बदलल्यामुळे शंभर वर्षं वादात होता. १९६३ च्या करारानंतर तो वाद मिटला. त्याच परिसरात दोन्ही बाजूंना तीन-तीन अशी सहा ठाणी उभारली गेली. प्रत्येक ठाण्यावर एक माईक, एक ध्वनिक्षेपक आणि एक मोठं चाक. चाक फिरवलं की शेजारचे तीन सर्चलाइट मिळून प्रकाशाचा एक हात होतो आणि क्षितिजावर फिरू लागतो. तो दुसऱ्या ठाण्याच्या हाताला जाऊन मिळाला की त्या दोन ठाण्यांमध्ये आवाजाची वाट आपोआप उघडते. बोलणं सुरू होतं आणि जुळलेले झोत त्या बोलण्याबरोबर थरथरतात. जुन्या रेडिओवर काटा इकडेतिकडे सरकवत स्टेशन पकडायचं, तसा हा प्रकार; फरक इतकाच की इथे पलीकडच्या स्टेशनलाही आपल्याला शोधायचं असतं.

एकट्याने चाक कितीही फिरवलं तरी पलीकडे कुणी नसेल तर काही घडत नाही. हवं तर आपल्याच शहरातल्या दुसऱ्या ठाण्याशी जुळवता येतं, हवं तर सरहद्दीपलीकडे. निवड चाकावरच्या माणसाची. लोझानो-हेमर यांचं म्हणणं असं की पूल नव्याने बांधायचा नव्हता, दोन शहरांत आधीपासून असलेली नाती दिसायला हवी होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एल पासोच्या एका दुकानात हिस्पॅनिक लोकांना लक्ष्य करून गोळीबार झाला होता, तेव्हा या म्हणण्याला त्या शहरात वेगळंच वजन होतं.

या कामाच्या चित्रफिती पाहायला मिळाल्या तर आकाशाकडे थोडं कमी पाहावं आणि चाकापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे जास्त. झोत जुळवायला त्याला किती वेळ लागला, पलीकडून आवाज आल्यावर तो आधी काय बोलला, चाक त्याने कधी सोडलं, आणि मागे रांगेतली माणसं तोवर काय करत होती, हे टिपावं. कलावंताने दिवे, तारा आणि नियम एवढंच मांडलं होतं. बाकीचं सगळं ती माणसं घरून घेऊन आली होती.