टकटक : बाबांसोबत बेस्टच्या म्युझियममध्ये

(सुरुवातीला आवाज : टक-टक... टक-टक-टक)

आत्ता ऐकलात तो आवाज कसला, ओळखा बघू. मुंबईत वाढलेल्या तुमच्या आईला किंवा काकांना ऐकवा, दोन सेकंदांत सांगतील. बसमधला कंडक्टर तिकिटाचा पंच रिकामाच वाजवत पुढे यायचा, तो हा आवाज. म्हणजे खरा नाही. खरा कसा बनवला, ते शेवटी सांगतो.

तर आजचा विषय आहे आणिक आगारातलं बेस्टचं म्युझियम. वडाळा-सायनच्या बाजूला, चालू बस डेपोच्या आवारात आहे. मागच्या महिन्यात मी बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. निघताना म्हणाले, "तिकडे काय बघायचंय? आयुष्यभर तेच बघितलं की." तरी इस्त्रीचा शर्ट घातला बरं का.

आत बरंच काही आहे, पण मी इतिहास थोडक्यात सांगतो. ९ मे १८७४ ला मुंबईत पहिली ट्राम धावली, ती घोडे ओढायचे. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम आली. १५ जुलै १९२६ ला पहिली बस, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९३७ मध्ये डबलडेकर बस. १९४७ मध्ये सगळा कारभार महापालिकेकडे आला. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. या सगळ्या गाड्यांची छोटी मॉडेल्स तिथे आहेत, जुनी तिकिटं आहेत, मशीन्स आहेत.

मी काय केलं, तर फोन काढला आणि मॉडेल्सचे फोटो घ्यायला लागलो. वीस मिनिटांत माझं म्युझियम बघून झालं. खरंच. तुमचंही असंच होतं ना? फोटो, पाटी, पुढे. फोटो, पाटी, पुढे.

ट्रामच्या मॉडेलपाशी एक आजी होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. सत्तरीच्या पुढच्या असतील. नातू म्हणाला, "आजी, चल ना." आजी हलेचनात. त्याला सांगत होत्या, "आम्ही वडिलांबरोबर बसायचो. वळणावर अशी किंचाळायची ना ट्राम, मी कान धरायचे." असं म्हणून त्यांनी खरंच कान धरले. मॉडेल तर गप्प उभं होतं. पण पोरगं एकदम वाकून चाकं बघायला लागलं.

मी मागे वळून बघितलं, तर बाबा तिकिटांच्या काचेसमोर उभे. त्यांचा उजवा हात खाली होता आणि अंगठा चालू होता. दाब, सोड. दाब, सोड. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं.

मी विचारलं, "बाबा, हे भोक नक्की कशाला पाडायचे?" घरात कंडक्टर असून हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत पडला नव्हता.

बाबा म्हणाले, "हे आकडे दिसतात ना? ते टप्पे. माणूस ज्या टप्प्यावर चढला, त्या आकड्यावर पंच मारायचा. तिकीट किती पैशांचं आहे ते छापलेलंच असतं. चढला कुठे ते भोक सांगतं, पैसे किती दिले ते तिकीट सांगतं. मग तो कुठपर्यंत जाऊ शकतो, हे तपासनीसाला विचारावंच लागत नाही."

मंडळी, मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तिकिटावरच्या क्यूआर कोडमध्ये माहिती कशी बसवायची यावर आमच्या मीटिंगा चालतात. आणि इथे अंगठ्याएवढ्या कागदावर एका भोकात काम झालेलं. वीज नको, नेटवर्क नको.

मग बाबा सुटलेच. प्रत्येक तिकिटावर नंबर असतो. ड्युटीच्या सुरुवातीला प्रत्येक गड्डीचा पहिला नंबर लिहायचा, शेवटी उरलेला नंबर लिहायचा. वजाबाकी केली की किती तिकिटं विकली ते कळतं, गुणिले भाडं की रोकड. जुळलं तर घरी. आकडा मांडायला चुकलात किंवा सुट्टे जास्त दिलेत, तर चूक आपली आणि भरपाईही आपली. हे सगळं उभ्याने. गाडी हलतेय, गर्दी आहे, एक बेल थांबायला, दोन बेल सुटायला, आणि पुढचा स्टॉप यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडायची.

बोलता बोलता आमच्याभोवती चार-पाच जण जमले. कॉलेजची दोन मुलं होती, ती रील बनवायला आली होती. त्यांनी कॅमेरा मॉडेलवरून काढून बाबांवर धरला. "काका, परत एकदा सांगा ना, भोकाचं." बाबांनी परत सांगितलं. आधीपेक्षा जास्त रंगवून.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला त्रास होतोय. कॉलेजात कोणी विचारलं, "बाबा काय करतात?" तर मी म्हणायचो, "बेस्टमध्ये आहेत." बस. समोरच्याला वाटायचं इंजिनियर असतील, ऑफिसात असतील. मी वाटू द्यायचो. चार वर्षं वाटू दिलं. त्या दिवशी त्या पोरांनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "बाबा. कंडक्टर होते." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि परत काचेकडे वळले. यावर आम्ही घरी काहीच बोललो नाही. आमच्या घरात बोलत नाहीत.

१५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिझेल डबलडेकर धावली, तेव्हा फोटो काढायला किती लोक जमले होते, आठवतंय? गाडीचा फोटो सगळ्यांकडे आहे. पण वरच्या मजल्यावरचा कंडक्टर खालच्याशी काय बोलायचा, बेलच्या दोरीने काय सांगायचा, हे किती जणांनी विचारलं? मीसुद्धा नाही. वस्तू म्युझियममध्ये नीट राहील हो. ती वापरणारा हात तिथे कसा ठेवणार?

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. अशा म्युझियममध्ये एकटे जाऊ नका. तुमच्या घरात, चाळीत, बिल्डिंगमध्ये कोणीतरी ड्रायव्हर, गिरणी कामगार, टेलिफोन ऑपरेटर, छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस असेलच. त्यांना घेऊन जा. पाटी तुम्ही वाचू नका, त्यांना विचारा. आणि फोनचा कॅमेरा राहू दे, रेकॉर्डर चालू करा. जायच्या आधी वेळ आणि सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या.

आता तो आवाज. पंच नोकरीबरोबरच परत गेला, घरी कुठून असणार? रात्री जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "थांब," आणि कपाटातून नेलकटर घेऊन आले. तीन वेळा करून बघितलं, मान हलवली, "नाही, ह्याला वजन नाही." चौथ्यांदा जमलं. आई आतून ओरडली, "अहो, तिकीट नको मला, पास आहे!"

तेच रेकॉर्डिंग परत लावतो. तुमच्या घरातला असा एखादा आवाज मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.

(आवाज : टक-टक... टक-टक-टक)