खातेगांवचे ऊन आणि सौर वीज



नेमावरच्या नर्मदातीरी सूर्यास अर्घ्य देणाऱ्या आपणांस त्याची थोरवी मी काय सांगावी? मी केवळ हिशेब मांडणार आहे. खातेगांव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे 22.6 अक्षांशावर वसले आहे. जूनच्या व जुलैच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य ठीक डोक्यावर येतो. ऊन जितके प्रखर तितकी वीज अधिक, असा समज त्यामुळे होतो. तो खरा नव्हे. सौर पॅनेलला प्रकाश हवा, ताप नको. त्यावर लिहिलेली शक्ती 25 अंशांची असते. त्यापुढील प्रत्येक अंशास शेकडा 0.3 ते 0.4 घट येते. वैशाखात ते 65 अंशांपर्यंत तापले, की सुमारे सातवा हिस्सा गेलाच. (आपणही तेव्हा सावलीच शोधतो!) सौम्य हवेचा फाल्गुन म्हणूनच वैशाखाच्या बरोबरीस उभा राहतो.

वर्षाची सरासरी धरता 1 किलोवॅटपासून दिवसास सुमारे 4 युनिट मिळतात. श्रावणात पुष्कळ कमी. गांठीचे पैसे घालणाऱ्याने हाच आकडा धरावा, उन्हाळ्यातील दुपारचा नव्हे. पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे 22 अंश कललेले असावे. खालून वारा खेळावा, आणि धूळ सकाळी, कांच निवलेली असतानाच पुसावी.