नेट आलं, आता जरा थांबा

क्लाउड म्हणजे काय, हे मी सांगत बसणार नाही. आमच्या विरारच्या बोळिंजमध्ये सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेबसुद्धा हल्ली गूगल ड्राइव्हवर असतो. मला बोलायचंय ते नेट गेल्यानंतर नव्हे, नेट परत आल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल. त्या पाच मिनिटांत आपण फार घाई करतो.

2018 चा जुलै आठवा. वसई-विरारभर पाणी, गाड्या बंद, वीज गायब. वीज आली तीही सगळीकडे एकदम नाही. अशा दिवसांत सेक्रेटरी घरी लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर हिशेबाची फाईल भरत असतो आणि बोरिवलीला नातेवाइकांकडे अडकलेला खजिनदार तीच फाईल तिथे उघडून बसलेला असतो. दोघेही प्रामाणिक. मग नेट येतं. आता खरं कोणाचं?

दुधाच्या रतिबाचं बघा. सून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, सासूबाई आपल्या डायरीत लिहितात आणि दूधवाल्याची स्वतःची वही असते. ती वही म्हणजे क्लाउड. कॅलेंडर आणि डायरी ही आपली यंत्रं. महिनाअखेरीला तिघं बसतात तेव्हा लग्न होऊन आल्यापासूनचा हिशेब कोणी काढत नाही. मागच्या वेळी पैसे चुकते केले तिथे एक रेघ मारलेली असते, त्या रेघेपासून पुढे बघायचं. आपलं यंत्रही तेच करतं. शेवटचा ताळा (सिंक) जिथे जुळला ती रेघ त्याच्या लक्षात असते. तिच्यानंतर इथे काय बदललं, तिकडे काय बदललं, एवढंच ते विचारतं. एकाच बाजूला बदल असेल तर दुसरीकडे उतरवून घेतं. तेही दर वेळी सबंध फाईल नाही. ड्रॉपबॉक्स फाईलचे 4 एमबीचे तुकडे करतं आणि बदललेला तुकडाच वर चढवतं.

दोन्ही बाजूंना बदल असेल तर? 12 तारखेला सुनेने एक लिटर लिहिलंय, सासूबाईंनी अर्धा. ज्याचं शेवटचं त्याचं खरं, असं तुम्ही म्हणाल. पण शेवटचं कोणाचं, हे घड्याळावरून ठरवायचं, आणि जुन्या डेस्कटॉपमधला छोटा सेल संपला की तो चालू झाल्यावर भलत्याच वर्षाची तारीख दाखवतो. घड्याळाच्या भरवशावर न राहता आधी काय आणि नंतर काय हे कसं ठरवावं, यावर संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये निबंध लिहिला होता. तो सांगायला घेतला तर माझी वेळ तिथेच संपेल. ड्रॉपबॉक्स अशा वेळी निवाडा करतच नाही. दोन्ही प्रती ठेवतं आणि एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं लिहितं. आणि आपण काय करतो? काहीतरी कचरा आलाय म्हणून ती पुसतो! अहो, त्यात खजिनदाराचं सगळं काम असतं. दोन्ही उघडा, शेजारी ठेवा, ताळा करा. हे काम माणसाचंच आहे.

आता खाडा. कॅलेंडरवरचा रिकामा चौकोन काहीच सांगत नाही. दूध आलं नाही, की लिहायचं राहिलं? म्हणून जाणती बाई त्या चौकोनात ‘खाडा’ असं लिहिते. फाईल पुसली जाते तेव्हा क्लाउडही वहीत तसाच खाडा मांडतं. बंद पडलेला लॅपटॉप महिन्याने उठतो आणि त्याच्याकडे ती फाईल असते. ती नवी समजून वर पाठवायची, की पुसलेली समजून इथूनही काढायची? हे त्या खाड्यावरून आणि मागच्या रेघेवरूनच कळतं. म्हणून सांगतो, ताळा रेंगाळला की क्लाउडचं अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा अघोरी उपाय करू नका. रेघच पुसली गेली, तर यंत्राला पहिल्यापासून अंदाज बांधावा लागतो, आणि कधीच्या पुसलेल्या फाईली परत उभ्या राहू शकतात.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण गाडी पकडायच्या घाईत तीच निसटते. नेट आलं की फाईल उघडू नका. ताळ्याची खूण फिरत असते, ती थांबू द्या. विरार स्टेशन गाठायचंय म्हणून लॅपटॉप मिटलात, तर सकाळचं काम त्याच्याच पोटात राहतं आणि ऑफिसात तुम्ही कालच्या प्रतीवर लिहायला लागता. मग दोन प्रती होणारच, आणि शिव्या क्लाउडला.

आणखी एक. क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, या समजुतीत राहू नका. इथे पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते 30 दिवस मिळतं, त्यापुढे नाही. सोसायटीचा हिशेब महिन्यातून एकदा वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवा.

फोनमधल्या फोटोंचं राहिलंच. तिथे ‘जागा मोकळी करा’ हे बटण वेगळं आणि ‘पुसून टाका’ हे वेगळं. पहिल्याने फोटो फक्त फोनमधून जातो, दुसऱ्याने... पण मला थांबायची खूण झाली आहे. तूर्त दुसऱ्या बटणाला हात लावू नका.