जनरेटरची तक्रार कुणाकडे?

ॲशबर्नकरांना डेटा सेंटर म्हणजे काय ते सांगायला नको. गॅलरीत उभं राहिलं की दिसतं. लाउडन काउंटीत मार्च 2025 पर्यंत ठराविक भागांत ती जाहीर सुनावणीशिवाय उभी राहू शकत होती. आता नव्या प्रस्तावावर सुनावणी होते, मग पर्यवेक्षक मंडळ मत देतं.

पण तक्रार योग्य दारात न्या. जमीन कशासाठी वापरायची, हे काउंटी ठरवते. इमारतीमागच्या डिझेल जनरेटरना हवेचा परवाना मात्र राज्याचं पर्यावरण खातं देतं. बहुतेक रस्तेही राज्याचेच. व्हर्जिनियात काउंटीला विधानसभेनं दिलेत तेवढेच अधिकार. म्हणजे घरात दम्याचं माणूस असेल, तर नुसतं पर्यवेक्षकांना पत्र लिहून भागत नाही. आपल्या राज्य प्रतिनिधीलाही गाठावं लागतं.

आणि खरं बोलायचं तर, या सेंटरांतल्या कॉम्प्युटरांवरच्या करामुळेच आपल्या घरांचा कर आटोक्यात राहिलाय. तो फायदा आपण गुपचूप खिशात घातलाय.

व्हिसावर आहात म्हणून सुनावणीला जायला कचरू नका. मतदान करता येत नाही, पण तिथं बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव आधी नोंदवा.