फाल्गुनातली कच्ची वाट

फाल्गुनात पहाटे नायगावहून सायकलीने शिवडीच्या खाडीकडे निघावे. ओहोटीच्या चिखलात गुलाबी रोहित पक्षी चरताना दिसतात. पण डांबर सुटून खडी-माती लागली, की चाक घसरू लागते. आपल्या गावची मुलेही अशाच वाटेने शाळेला येतात ना? मग गुरुजी, त्यांना दोन गोष्टी सांगा. टायर दगडासारखा टणक नको. हवा किंचित कमी असली, की तो माती धरतो. मात्र फार कमी झाली, तर दगडावर ट्यूब फुटते. दुसरे, वेग वळणाआधीच आवरावा. वळणात पुढचा ब्रेक दाबू नये. बेलफास्टच्या डनलॉपसाहेबांनी मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणूनच हवेचा टायर केला. १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हा शाळेच्या अंगणात हे एकदा करून दाखवा.