परत फिरण्याचे धैर्य



आपल्या घरांतली तरुण मुले आता एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. त्यांतली बरीचशी नेपाळातील लुक्ला येथे विमानाने उतरतात. निघालेले विमान अर्ध्या वाटेवरून माघारी आले, की तक्रारीचा फोन घरी येतो. आज त्या माघारीविषयीच बोलायचे आहे.

लुक्ल्याची धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने तयार झाली; २००१ मध्ये ती पक्की झाली. उंची २,८४५ मीटर, लांबी अवघी ५२७ मीटर. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. डोंगराकडे ती सुमारे १२ टक्के चढत जाते. म्हणून उतरायचे चढाच्या दिशेने आणि उडायचे उताराच्या दिशेने. चढ विमानाला आवरतो, उतार त्याला वेग देतो.

या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने विरळ असते. वेगमापकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, कारण तो हवेच्या दाबावर चालतो. खरा वेग मात्र सुमारे १५ टक्के जास्त असतो, आणि थांबवायची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर यांसारखी छोटी टर्बोप्रॉप विमाने इथे चालतात, कारण चाके टेकताच पंख्याची पाती उलट्या कोनात वळवून वेग मारता येतो.

पण शेवटच्या टप्प्यात समोर डोंगरच असतो. पुन्हा वर उठून दुसरा फेरा घेण्याची सोय नाही. धावपट्टी डोळ्यांना दिसलीच पाहिजे. ८ ऑक्टोबर २००८ रोजी उतरताना ढग आडवे आले आणि एक ट्विन ऑटर धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. १८ जण गेले. एकटे कप्तान वाचले.

म्हणून इथला खरा निर्णय उतरतानाचा नसतो, त्याआधीचा असतो. दरीत ढग दिसला की वैमानिकाने वळावे, आणि मागे बसलेल्यांनी कुरकुर करू नये. सुट्टी संपत आलेली असते, पैसे भरलेले असतात, हे खरे. पण प्रवाशांची घाई वैमानिकाच्या खांद्यावर ओझे होऊन बसते. आपल्या मुलांना निघताना एवढेच सांगा: दोन दिवस जादा हाताशी ठेवा. शिर सलामत तर पगडी पचास.